बीम, बूट की भूत? फ्रेंच लोखंडाचं इंग्रजी करताना

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फ्रान्सहून आलेलं ड्रॉइंग, कोपऱ्यातला तक्ता, आणि तो तक्ता त्याने मोबाइलवर इंग्रजी करून घेतलेला. एका ओळीत सोल ५.६ आणि लगेच पुढे परत सोल ८.५, फक्त स्पेलिंग वेगळं. पहिला सोल म्हणजे आत्मा, दुसरा म्हणजे चपलेचा तळ. खाली त्याचा प्रश्न, "मॅडम, हा बीम आहे, बूट आहे की भूत?"

बीमच आहे. इंग्रजी आय अक्षरासारखा दिसणारा लोखंडी बीम तुम्ही बघितला असेलच, त्याच्या मधल्या उभ्या भागाला फ्रेंच लोक 'आम' म्हणतात, शब्दशः आत्मा, आणि वर-खालच्या आडव्या भागाला 'सेमेल', शब्दशः चपलेचा तळवा. इंग्रजीत त्यालाच वेब आणि फ्लँज म्हणतात. म्हणजे मोबाइलने डिक्शनरीप्रमाणे काहीच चुकीचं केलं नव्हतं, तरी ओळ वाचून कोणालाही लोखंड कापता आलं नसतं. आमच्या वाड्यावर एक आजोबा आहेत, पोर्तुगीज काळात शिकलेले, त्यांना हे सांगितलं तर ते हसलेच नाहीत, म्हणाले, "त्यात काय? पोर्तुगीजमध्येपण 'आल्मा'च." खरंय, पोर्तुगीजमध्येही बीमला आत्मा असतो. इंग्रजांनी मात्र तिथे जाळं बघितलं.

मी फ्रेंच शिकले ती शाळेत मार्क मिळतात म्हणून, गोव्यात बरेच जण तसेच शिकतात, आणि पुढे ते मार्क उपयोगी आले ते अशा तक्त्यांचं इंग्रजी करण्यात. साहित्य वगैरे नाही, पट्ट्या, पत्रे, सळया. या कामात काय काय फसतं आणि का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण हल्ली हा प्रश्न वरचेवर येतोय.

आत्ताच हे कशाला?

फ्रेंच वस्तू आपल्या दारात आल्यात म्हणून. २०२२ च्या जानेवारीत राफेल मरीन विमानाची चाचणी आपल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरच झाली, आणि २८ एप्रिल २०२५ ला भारताने २६ राफेल मरीनचा करार केला. आता विमानाचे कागद काय आपल्या वर्कशॉपात येणार नाहीत, ते वेगळं जग. पण १ जानेवारी २०२६ पासून युरोपियन युनियनचा कार्बनचा सीमाकर लागू झालाय, त्याला सीबॅम म्हणतात, आणि त्यात लोखंड, स्टील, ॲल्युमिनियम सगळं येतं. तुम्ही युरोपात माल पाठवला तर तो नेमका कुठल्या रूपातला धातू आहे, त्याचा कोड काय, बनवताना कार्बन किती सोडला, हे तिथला गिऱ्हाईक विचारणारच, आणि गिऱ्हाईक फ्रेंच असला की त्याचा फॉर्म फ्रेंच. तिथे एक शब्द चुकला तर कोड चुकतो, कोड चुकला तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आधी तांदळाचं बघू

इंग्रजीत राईस हा एकच शब्द. आपल्याकडे शेतात भात, गोणीत तांदूळ, ताटात परत भात, सकाळी पेज, आणि मग पोहे, कुरमुरे, कण्या. एकच दाणा, पण त्याला काय केलं, किती कुटलं, किती शिजवलं यावर नाव बदलतं. कोणी इंग्रज "राईस पाठवा" म्हणाला तर तुम्ही विचाराल, अरे कुठला? उकडा की सुरय (म्हणजे न उकडलेला), की पोहेच पाहिजेत?

धातूचं अगदी असंच. कारखान्यातून जे लोखंड बाहेर पडतं त्याला नाव मिळतं ते चार गोष्टींवरून. त्याचा छेद कसा आहे, म्हणजे कापून समोरून बघितलं तर गोल, चौकोनी, चपटा की एल अक्षरासारखा. जाडी-रुंदी किती. गरम असताना लाटलंय, थंड असताना लाटलंय की भोकातून ओढलंय. आणि शेवटचं, सरळ लांबीत येतं की गुंडाळी करून. सगळ्या भाषांत चारही गोष्टी आहेत, फक्त कुठल्या गोष्टीसाठी वेगळा शब्द ठेवायचा आणि कुठली विशेषणावर भागवायची हे प्रत्येकीने आपापलं ठरवलंय. त्यामुळे शब्दासमोर शब्द ठेवला की कुठेतरी उरतंच, नाहीतर कमी पडतं.

काही शब्द सरळ आहेत. 'कॉर्निएर' म्हणजे आपला अँगल. 'रों' म्हणजे गोल सळई. 'कारे' म्हणजे चौकोनी. 'प्ला' म्हणजे चपटी पट्टी, इंग्रजीत फ्लॅट. आणि तरी 'प्ला' मध्ये एक गंमत आहेच, फ्रेंचमध्ये तोच शब्द जेवणाच्या डिशलाही वापरतात, त्यामुळे "डिश ५० बाय ६, लांबी १२००" असं इंग्रजी मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. खरं तर ती आपली दोन इंची, दोन सुती पट्टी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण सव्वातीन मिमी, आणि ५० बाय ६ मिमी ऐकल्यावर आमचा फॅब्रिकेटर मनातल्या मनात तेच करतो, दोन इंच, दोन सूत. त्याला फ्रेंच येत नाही, इंग्रजी जेमतेम, पण वस्तू काय आहे ते त्याला आधी कळतं, मला नंतर.

माझा तोल गेला तो इथे

फ्रेंच 'तोल' म्हणजे पत्रा. आणि प्लेटसुद्धा. इंग्रजीत शीट पातळ आणि प्लेट जाड, युरोपात ही रेघ साधारण ३ मिमीवर ओढतात, फ्रेंचमध्ये मात्र दोन्हीला तोलच, पातळ असेल तर 'तोल मॅन्स', जाड असेल तर 'तोल फोर्त'. आपल्याकडे इंग्रजीसारखंच आहे, छपरावर असतो तो पत्रा आणि बार्जच्या तळाला लागते ती प्लेट, दहा मिमीच्या प्लेटला पत्रा म्हटलं तर वेल्डर तुमच्याकडे बघत राहील. म्हणजे नुसतं 'तोल' दिसलं की इंग्रजीत काय लिहायचं ते शब्दावरून ठरतच नाही, शेजारच्या रकान्यातली जाडी बघून ठरवावं लागतं.

हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते 'तोल लार्मे ३/५'.

'लार्म' म्हणजे अश्रू. लार्मे म्हणजे अश्रूंची. बसच्या पायरीवर, फेरीबोटीच्या तोंडाशी गाड्या चढतात तिथे पाय घसरू नये म्हणून उंचवट्यांची प्लेट असते ना, त्यातल्या एका प्रकारात उंचवटे थेंबाच्या आकाराचे असतात, एक आडवा एक उभा, असे. फ्रेंच माणसाला त्यात अश्रू दिसले. आपण आणि इंग्रज तिला चेकर्ड प्लेट म्हणतो. रायबंदर-चोडण फेरीत गाडी लावून उतरलात तर एकदा खाली बघा. इथपर्यंत मला आलं, शब्द बरोबर लिहिला. पण ३/५ चं काय? मला वाटलं तीन ते पाच, म्हणजे त्यातलं काहीही चालेल, आणि मी इंग्रजीत तसंच लिहिलं, ३ ते ५ मिमी. परचेसमधल्या माणसाने शहाणपणाच केला, जाड घेतलेली बरी, मजबूत, त्याने ५ ची मागवली.

३/५ चा अर्थ असा की खालची प्लेट ३ मिमी आणि अश्रूसकट उंची ५ मिमी. म्हणजे प्लेट ३ चीच पाहिजे होती. ते होतं एका हॅचचं झाकण, एक मीटर बाय एक मीटर वीस, हाताने उचलायचं. लोखंडाच्या प्लेटचं वजन प्रत्येक मिमी जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो, तर दोन मिमी जास्त म्हणजे झाकणामागे जवळजवळ १९ किलो जादा. एकट्या माणसाने उघडायचं झाकण दोघांना उचलेना. बिजागरी लावून झाल्यावर कळलं. मला कोणी बोललं नाही, पण ते झाकण काढून परत केलेलं मी बघितलं आणि तेव्हापासून तिरकी रेघ दिसली की मी आधी फोन करते.

त्याच जातीचा आणखी एक सापळा म्हणजे स्वल्पविराम. फ्रेंच लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात, १,५ म्हणजे आपलं १.५. एकवेळ ते ओळखू येतं. पण १,५०० लिहिलं की आपला डोळा दीड हजार वाचतो आणि तो असतो दीडच. आणि गेज तर तिथे विसरूनच जा, आपल्याकडे दुकानात "१८ गेजचा पत्रा" म्हणतात, म्हणजे साधारण १.२ मिमी, आणि गेज वाढला की पत्रा पातळ. फ्रेंच ड्रॉइंगमध्ये सगळं मिमीमध्ये, ते मिमीतच ठेवायचं, आपल्या सोयीसाठी गेज करायला जाऊ नये.

'मशीन वायर' नावाची वस्तू नसते

'फिल' म्हणजे तार. 'माशीन' म्हणजे मशीन. मग 'फिल माशीन' म्हणजे? मशीन वायर लिहिलंत तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल मशीनच्या आतली कुठलीतरी वायर, कदाचित तो इलेक्ट्रिशियनला विचारेल. इंग्रजीत याला वायर रॉड म्हणतात. गरम असताना लाटलेली, साधारण साडेपाच मिमीपासून पुढची गोल सळई, सरळ नसते, मोठ्या वेड्यावाकड्या गुंडाळ्या करून येते. हिच्यापासून पुढे तार ओढतात, खिळे, जाळ्या, स्क्रू होतात. म्हणजे ही तार नाहीच, तारेची आई.

आता इथे पैशाचा विषय येतो. तुमच्या हार्डवेअरच्या बिलावर वस्तूपुढे एचएसएन कोड असतो ना, जीएसटी आल्यापासून सगळ्यांना तो माहीत झाला. ही यादी मूळची ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची, १ जानेवारी १९८८ पासून लागू, पहिले सहा अंक जगभर सारखे. आणि या यादीचा मूळ मजकूर दोन भाषांत आहे, इंग्रजी आणि फ्रेंच, दोन्ही सारखेच अधिकृत. एक दुसऱ्याचं भाषांतर आहे असं नाही. माझ्यासारखीला ही लॉटरीच, कारण एकच नंबर काढा आणि दोन्हीकडे काय लिहिलंय ते शेजारी ठेवून वाचा.

७२१३ काढून बघा. फ्रेंचमध्ये सरळ 'फिल माशीन', लोखंडाची किंवा साध्या स्टीलची. इंग्रजीत? वायर रॉड हा शब्दच नाही, तिथे लिहिलंय बार आणि रॉड, गरम लाटलेले, अनियमित गुंडाळ्यांत. फ्रेंचने दोन शब्दांत आटपलं ते इंग्रजीने वर्णन करून सांगितलंय. आणि खरी तार, ती ७२१७ मध्ये. म्हणजे "मशीन वायर" लिहून तुम्ही वस्तू ७२१७ मध्ये ढकललीत तर तिचं घरच बदललं. त्याच प्रकरणात चपट्या मालासाठी रुंदीची रेघ ६०० मिमीवर आहे, तिच्या अलीकडे एक कोड, पलीकडे दुसरा, आणि फ्रेंचमध्ये अरुंद पट्टीच्या गुंडाळीला 'फॉयार' असा वेगळा शब्दच आहे, इंग्रजीत त्याला स्ट्रिप म्हणून भागवतात.

स्टील म्हणजे काय रे भाऊ?

इथे मराठी माणसाला फ्रेंच लवकर कळतं, माझा अनुभव आहे. आपण स्टीलचं भांडं म्हणतो तेव्हा स्टेनलेस स्टील म्हणतो. गेट, ग्रिल, सळई यांना लोखंडी म्हणतो. इंजिनिअर लगेच दुरुस्त करेल की बाबा तेसुद्धा स्टीलच आहे, माइल्ड स्टील, शुद्ध लोखंड आता कोण वापरतो. बरोबर आहे त्याचं. पण बोलण्यात फ्रेंच लोकही अगदी आपल्यासारखंच करतात, स्टेनलेसला 'इनॉक्स' म्हणतात, गंजत नाही ते, आणि साध्या स्टीलच्या पट्ट्या-सळयांना अजून 'फेर' म्हणतात, म्हणजे लोखंड. 'फेर प्ला', 'फेर रों'. (पणजीच्या आयनॉक्स थिएटरचा यात काही संबंध नाही, इफ्फी फिल्म फेस्टिव्हलच्या दिवसांत मला हा प्रश्न खरंच आला होता.) त्यामुळे 'फेर प्ला' चं इंग्रजी आयर्न फ्लॅट केलं की चूक, शेजारच्या रकान्यात मटेरियल एस २३५ लिहिलेलं असतं, ते स्ट्रक्चरल स्टील आहे. स्टील फ्लॅट लिहायचं. मराठीत मात्र खुशाल लोखंडी पट्टी म्हणा, वर्कशॉपात तेच कळतं.

याच्याहून धोकादायक 'फेर ब्लां'. शब्दशः पांढरं लोखंड. ही वस्तू तुमच्या घरात आहे, तेलाचा चौकोनी डबा. पातळ स्टीलच्या पत्र्यावर कथलाचा थर, म्हणजे कारखान्यात केलेली कल्हईच म्हणा ना. इंग्रजीत टिनप्लेट. मग व्हाइट आयर्न लिहिलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की इंग्रजीत व्हाइट आयर्न नावाची वस्तू खरोखर आहे आणि ती भलतीच आहे, बिडाचा एक कडक, ठिसूळ प्रकार. 'डिश ५० बाय ६' वाचून माणूस हसतो आणि विचारतो. व्हाइट आयर्न वाचून कोणी हसत नाही, कोणी विचारत नाही, ऑर्डर जाते. मला हास्यास्पद चुकांची भीती वाटत नाही, या शहाण्यासारख्या दिसणाऱ्या चुकांची वाटते. (पोर्तुगीजवाले आजोबा याला फ्लँडर्सचं पान म्हणतात, तेही खरंच आहे, पोर्तुगीजमध्ये टिनप्लेटला तसंच नाव आहे. प्रत्येकाला त्या डब्यात वेगळंच काहीतरी दिसलंय.)

पितळेला फ्रेंचमध्ये 'लेतों' असा नीट शब्द आहे पण जुन्या कागदांत 'पिवळं तांबं' असंही लिहितात. तांबं समजू नका, इतकंच.

डुक्कर, हंस आणि रावस

आमोण्याला पिग आयर्नचा कारखाना आहे हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. पण पिग का? भट्टीतून वितळलेलं लोखंड पूर्वी वाळूतल्या चरात सोडायचे, एक मोठा चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी छोटे छोटे खळगे, वरून बघितलं तर डुकरीण आडवी पडलीय आणि पिल्लं पितायत असं दिसायचं. इंग्रज लोहारांनी नाव ठेवलं ते चिकटलं.

आता फ्रेंच. त्या ओबडधोबड लोखंडी ठोकळ्याला ते 'गझ' म्हणतात, आणि हा शब्द जर्मनच्या एका बोलीतून आलेला, तिथे त्याचा अर्थ हंसासारखा पक्षी, इंग्रजीतला गूस. दुसरा शब्द 'सोमों', म्हणजे सामन मासा. एचएसएन ७२०१ चं फ्रेंच शीर्षक उघडलंत तर तिथे अधिकृतपणे गझ आणि सोमों दोन्ही बसलेले आहेत, "किंवा इतर प्राथमिक आकार" असं पुढे. इंग्रजी शीर्षकात तिथे पिग आणि ब्लॉक. म्हणजे जागतिक कराराच्या एका ओळीत इंग्रजांकडे डुक्कर आहे आणि फ्रेंचांकडे पक्षी आणि मासा. आपल्याकडे इंडियन सामन म्हणून रावस खपतो, तेव्हा गोव्यात भाषांतर करायचं तर लोखंडाचे रावस म्हणायला मला आवडेल, पण कस्टमवाले ऐकणार नाहीत.

त्यात 'गझ' चा फ्रेंचमध्ये आणखी एक अर्थ आहे, भिकारीण. तो कशाला आठवायचा म्हणा, पण मशीनला आठवू शकतो.

शिवाय 'फोंत' हा एकच शब्द फ्रेंचमध्ये दोन गोष्टींना चालतो. आमोण्याचं पिग आयर्न तेही फोंत, आणि तुमचा बिडाचा तवा तोही फोंत. पहिल्याला नेमकं सांगायचं असेल तर 'फोंत ब्रुत' म्हणतात, कच्चं. विशेषण गळलेलं असेल तर वस्तू बघून ठरवायचं, टनांत आहे की तव्यात.

पण गूगल आहे, एआय आहे, मग तुझी काय गरज?

हे दर वेळी ऐकते. मशीन वाईट आहे असं मी म्हणणार नाही, सलग परिच्छेद दिला तर हल्ली ती चांगलं इंग्रजी करतात, माझ्याहून भराभर. अडचण तक्त्यांची आहे. ड्रॉइंगवरच्या पार्ट्सच्या यादीला फ्रेंचमध्ये 'नोमांक्लात्यूर' म्हणतात, त्यातल्या एका चौकोनात एकच शब्द असतो, 'प्ला', मागे-पुढे वाक्य नाही, मग डिश की पट्टी हे कशावरून ठरवायचं? माणूस शेजारची ५० बाय ६ बघतो. मशीनला तुम्ही अख्खा तक्ता दिलात आणि हे जिन्याच्या रेलिंगचं ड्रॉइंग आहे असं सांगितलंत तर तिलाही जमतं पुष्कळदा. पण आपण काय करतो, फोटो काढतो, एक शब्द कॉपी करतो, आणि उत्तर आलं की त्यावर विश्वास ठेवतो.

फ्रेंच इंजिनिअरलाच इंग्रजीत विचारलं तर?

जरूर विचारा, मीच सांगितलं ना फोन करते म्हणून. फक्त त्याचं इंग्रजी हेही त्याने मनात केलेलं भाषांतरच असतं. तो 'प्रोफिले' ला, म्हणजे ठरावीक छेदाच्या लोखंडाला, प्रोफाइल म्हणेल, कारण शब्द तसाच दिसतो, आणि इंग्रजी कॅटलॉगमध्ये तुम्हाला ते सापडेल सेक्शन या नावाखाली. तेव्हा शब्द विचारण्यापेक्षा छेदाचं चित्र मागवावं. आणि इंग्रजी तरी कुठे एक आहे, काँक्रीट ओततात त्या साच्याला आपण आणि ब्रिटिश शटरिंग म्हणतो, अमेरिकन त्यालाच फॉर्म म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये ते 'कोफ्राझ'. "मेटल फॉर्म" असं नुसतं इंग्रजीत दिसलं तर लोखंडाचा आकार की लोखंडी शटरिंग, हे इंग्रजीतच कळत नाही.

आपला बीम लावला तर काय होतं?

हा प्रश्न वेर्ण्याच्या त्या माणसाचाच. त्याच्या ड्रॉइंगमध्ये आयपीई २०० होता, म्हणजे युरोपियन मापाचा आय बीम, वेब ५.६ आणि फ्लँज ८.५ हे त्याचेच आकडे. तो म्हणाला, इंग्रजी करताना आयएसएमबी २०० (आपला भारतीय मापाचा बीम) लिहून टाका, इथे तोच मिळतो. नाही लिहिलं. उंची दोघांची २०० हे खरं, पण आयपीई मीटरमागे २२.४ किलो, आपला आयएसएमबी साधारण २५. वजन सोडा, आयपीईचे फ्लँज आतून सपाट असतात, एकमेकांना समांतर, आणि आयएसएमबीचे आतून उतरते. म्हणजे बोल्ट मारलात तर नट तिरका बसतो, तिथे पाचरीसारखा वॉशर लागतो. बदलायचं असेल तर बदला, चालेलही, पण डिझाइन करणाऱ्याला विचारून आणि वेगळ्या कागदावर. भाषांतरात गुपचूप बीम बदलला तर ते भाषांतर राहत नाही, ती माझ्या नावावर केलेली इंजिनिअरिंग होते आणि माझं तेवढं शिक्षण नाही. म्हणून आयपीई, यूपीएन, एचईए अशी अक्षरं आली की मी हातच लावत नाही, जशीच्या तशी.

मग नीट शब्द शोधायचे कुठे?

साध्या डिक्शनरीत नाही. स्टीलच्या मालाच्या व्याख्यांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ६९२९, आणि युरोपचं ईएन १००७९, ते इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनमध्ये निघतं. त्यात नुसते शब्द नाहीत, कुठल्या जाडीपासून काय म्हणायचं ते आहे. ते विकत घ्यावं लागतं. फुकटात हवं तर कॅनडा सरकारचं टर्मियम बघा, त्यांच्याकडे कारभारच दोन भाषांत चालतो त्यामुळे असल्या शब्दांची त्यांनी जन्मभर मेहनत घेतलीय, क्युबेकचीही वेगळी शब्दसूची आहे. आणि वर सांगितलेली एचएसएन तर आहेच, तीच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पण माझी खरी पद्धत जरा गावठी आहे. फ्रेंच शब्द आला की मी आधी इंग्रजी शोधत नाही, आधी मराठीत विचारते, ही वस्तू दुकानात काय म्हणून मागशील? पत्रा, पट्टी, सळई, तार, अँगल, चॅनेल, पाइप, जाळी. मराठी नाव सुचलं म्हणजे वस्तू डोळ्यांसमोर आली. मग इंग्रजी लिहायला वेळ लागत नाही. मराठी नाव सुचत नसेल तर समजायचं की मला अजून कळलेलंच नाही, आणि वर्कशॉपात जायचं. 'मेताल देप्लवाये' वर मी अशीच दोन दिवस अडले होते, उलगडलेला धातू म्हणजे काय, तर एका पोराने कोपऱ्यातली जाळी दाखवली, पत्र्याला चिरा पाडून ओढून लांबवलेली, ओटीच्या ग्रिलला लावतात तशी. इंग्रजीत एक्सपांडेड मेटल. तो म्हणाला, "ही ना? ही तर कालच आणली."

वेर्ण्याच्या तक्त्याचं बाकी सगळं त्याच संध्याकाळी झालं. एकच ओळ राहिली होती आणि त्याने रात्री दहाला फोन केला तो तिच्यासाठी, आवाज एकदम हळू. मोबाइलने लिहिलं होतं, प्लॅटिनम, २०० बाय २०० बाय १०, नग ४. फ्रेंचमध्ये 'प्लातीन' शब्द पुल्लिंगी असला तर प्लॅटिनम आणि स्त्रीलिंगी असला तर खांबाखाली बसवायची बेस प्लेट, आणि तक्त्यात लिंग कोण लिहितो. मी हिशोब करून सांगितला, खरंच प्लॅटिनम असतं तर एका नगाचं वजन साडेआठ किलो झालं असतं, लोखंडाचं तीन किलो. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे चार भोकं मारून गॅल्व्हनाइजला पाठवू ना?"

पाठव म्हटलं.